जॅक ढिला आहे भाऊ

गिटारच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी गिटार प्लग करून देतो, छोट्या अँपवर थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकतो आणि म्हणतो, वाजवून पाहा. एसी सुरू, तारा नवीन, आजूबाजूला गोंधळ नाही. तिथे कुठलीही गिटार छानच वाजते. मग घरी येऊन पोरं त्याच मॉडेलचे रिव्ह्यू पाहत बसतात, टोन कसा, मिड्स कसे, टॉप, म्हणजे पुढची फळी, स्प्रूसच्या लाकडाची की महोगनीची. पण हीच गिटार मे महिन्यात नागपुरात वर्धा रोडच्या एखाद्या लग्नाच्या लॉनवर, जनरेटरच्या लाइनवर, शेजारी जंबो कूलर ठेवून दोन-अडीच तास वाजवली तर तिचं काय होईल हे त्या रिव्ह्यूत कोणी सांगत नाही, कारण रिव्ह्यू करणारा बिचारा खोलीत बसलेला असतो.

मी नोकरी सांभाळून वाजवतो. लग्नाचे संगीत, कॉलेजची गॅदरिंग्ज, गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा टाइप कार्यक्रम, अधूनमधून धरमपेठ-रामदासपेठेतले कॅफे, कधी अमरावती-चंद्रपूरपर्यंत. म्हणजे फार मोठा कलाकार वगैरे नाही, पण स्टेजवर गिटार बंद पडली की काय होतं हे चांगलं माहीत आहे. म्हणून पोरं विचारतात ना, दादा लाइव्हसाठी कुठली घेऊ, तेव्हा मी टोनबद्दल बोलतच नाही. मी विचारतो, ही बिघडली तर नागपुरात संध्याकाळच्या आत कोण दुरुस्त करून देईल? पोरं हसतात. त्यांना वाटतं दादा म्हातारा झाला.

आता मुळात इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार, ही अँपला जोडता येणारी लाकडी गिटार, म्हणजे एकात एक कोंबलेल्या दोन वस्तू आहेत. एक लाकडाची पेटी, जी नीट ठेवली तर पन्नास वर्षं टिकते आणि जुनी होताना आवाजाने खुलत जाते. आणि तिच्या पोटात बसवलेलं एक सर्किट, कंपनं पकडणारा पिकअप, सिग्नल वाढवणारा प्रीअँप, बॅटरी, वायर खुपसायचा जॅक, चार-सहा बारीक वायरी, ज्या पहिल्या दिवसापासून फक्त खराबच होत जातात. दोघांची वयं जुळत नाहीत आणि भांडण तिथून सुरू होतं.

पिकअपची आयडिया तशी जुनी. दाबल्यावर वीज देणारे क्रिस्टल असतात हे क्युरी भावांनी १८८० मध्येच दाखवलं होतं, ज्याला पिएझो म्हणतात ते. टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवर जी हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी असते, सॅडल, तिच्याखाली पिएझोची पातळ पट्टी ठेवायची, तार कंपली की दाब बदलतो, दाब बदलला की सिग्नल. पण तो सिग्नल इतका नाजूक असतो की लांब वायरीतून पाठवला तर जीवच जातो त्याचा, म्हणून गिटारच्या आतच प्रीअँप लागतो आणि प्रीअँपला नऊ व्होल्टची बॅटरी. ही सगळी भानगड गिटारमध्ये चांगल्या पद्धतीने बसवून दाखवली ती ओव्हेशनवाल्या चार्ल्स कामनने, आणि गंमत म्हणजे हा माणूस मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनियर. हेलिकॉप्टरचं थरथरणं कमी कसं करायचं यात आयुष्य गेलेलं, आणि त्याने १९६६ मध्ये गिटार काढली तीही मागून गोल, फायबरच्या पाठीची, जी ऊन-पावसाला लाकडासारखी दाद देत नाही. त्याच साली शुअरचा एसएम ५८ माइक आला आणि त्याच साली यामाहाची एफजी १८० गिटार आली. मला हे साल लई आवडतं. आज कुठल्याही गावातल्या कुठल्याही स्टेजवर जा, या तिघांची पोरं-नातवंडं सापडतातच.

तर नागपूर. बाहेरच्या लोकांना वाटतं इथे फक्त ऊन आहे. ऊन सहन होतं हो, गिटारला त्रास होतो तो हवेतल्या ओलाव्याच्या वर-खाली होण्याचा. गिटार बनवणारे सगळे सांगतात की लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री असतं तेव्हा हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या खाली सुद्धा जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. आणि या दोन्हींच्या मध्ये आपला कूलर. हे कुठल्याच इंग्रजी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, कारण त्यांनी डेझर्ट कूलर पाहिलेलाच नाही. घरात दिवसभर कूलर सुरू, ताट्या ओल्या, खोलीत मस्त दमट गारवा, गिटार तिथे भिंतीवर लटकलेली, लाकूड पाणी पिऊन गच्च. संध्याकाळी तीच गिटार बॅगेत टाकून ॲक्टिव्हावर लॉनवर न्या, बाहेर कोरडी फटफटीत हवा, तासाभरात सूर उतरलेले, आणि असं रोज होत राहिलं की टॉप आक्रसून खाली बसतो, तारा फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांना, लागून खरखर करायला लागतात, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात, कारण पितळ-स्टील आक्रसत नाही, लाकूड आक्रसतं. त्यात स्टेजवर नवरा-नवरीसाठी लावलेला जंबो कूलर. त्याचा झोत बरोबर बँडच्या अंगावर, म्हणजे पुन्हा ओलं. मी तर साउंडचेकच्या आधी कूलरचं तोंड कुठे आहे ते पाहतो, मग मॉनिटर, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, कुठे आहे ते.

पावसाळ्यात उलटं. टॉप फुगतो, आमच्या भाषेत पोट येतं. ब्रिजसकट सॅडल वर उचललं जातं, तारा उंच होतात, बारव्या फ्रेटजवळ दाबताना बोटं कळवळतात. म्हणून माझ्याकडे एकाच गिटारची दोन सॅडल आहेत, एक उन्हाळ्याचं, थोडं उंच, एक पावसाळ्याचं, घासून बसकं केलेलं. डब्यावर पेनने लिहून ठेवलंय. पोरांना हे फार विनोदी वाटतं, पण रजई आणि पातळ चादर आपण वेगवेगळी ठेवतोच ना.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे उन्हात उभी केलेली बंद गाडी. गिटारच्या साध्या लाइट सेटच्या सहा तारा मिळून ब्रिजला साधारण ७० किलोने ओढत असतात, दिवसरात्र, तुम्ही झोपलेले असताना पण. आणि तो ब्रिज टॉपवर बहुतेक वेळा फक्त गोंदाने चिकटवलेला असतो. बाहेर ४५ असेल तर बंद गाडीत आरामात साठच्या वर जातं, तिथे फॅक्टरीचा लाकूडकामाचा गोंद मऊ पडायला लागतो आणि ब्रिज मागच्या बाजूने हळूच उठतो. डोळ्याला दिसत नाही. एखादं व्हिजिटिंग कार्ड घ्यायचं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहायचं, कुठेच जात नसेल तर ठीक, कोपरा आत शिरला तर तारा लगेच ढिल्या करायच्या आणि दुरुस्तीला न्यायची, अजून थोडं चालेल म्हणून वाजवत बसायचं नाही. सेकंड हँड गिटार घेताना तर मी खिशात कार्ड घेऊनच जातो. विकणाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं होतं.

दुरुस्तीला म्हणजे कुठे? तर नागपूरच्या महाल भागात एक काका आहेत, पेटीवाले. हार्मोनियमचा भाता, सूर, पट्ट्या हे त्यांचं मूळ काम. गिटारवाले त्यांच्याकडे नाइलाजाने जायला लागले आणि आता त्यांचाही हात बसलाय. ब्रिज कसा बसवतात ते पाहायला मी एकदा त्यांच्याजवळ बसलो होतो. आधी पातळ पात्याने उरलेली बाजू सोडवली, इस्त्रीसारखं काहीतरी गरम करून कडेने फिरवत फिरवत, अजिबात घाई नाही. खालचा जुना गोंद खरवडून काढला, पार लाकूड दिसेपर्यंत. मग सरस. छोट्या भांड्यात गरम पाण्यावर ठेवलेला, मधासारखा, वास असा की नवीन माणूस बाहेर जाऊन उभा राहील. लावला, ब्रिज बसवला, साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, हात घालून आत लाकडाचा तुकडा ठेवला आणि वरून शिकंजे कसले. बाजूने ओघळलेला सरस ओल्या फडक्याने पुसत पुसत म्हणाले, "उद्या नको येऊ, परवा ये. अन् हे परत निघालं तर घाबरू नको, सरस असा लागते का तो पाहिजे तेव्हा सोडवता येते. ते दुसरं लावलं ना काहीबाही, मग लाकूडच फाडावं लागते." इन्स्टंट ग्लू लावून आणलेल्या गिटारी त्यांनी कोपऱ्यात दाखवल्या, एकीचा तर टॉपचा पापुद्राच ब्रिजसोबत निघून आला होता.

लाकडाचं हे असं आहे, त्रास देतं पण सांगून देतं. सर्किट न सांगता मरतं.

त्यातही सगळ्यात जास्त वेळा मरतो तो जॅक. कमरेजवळ, पट्टा अडकवायच्या बटणाच्या जागीच बहुतेक गिटारींना जॅक असतो, म्हणजे गिटारचं वजन पण त्याच्यावर आणि वायरीचा झटका पण त्याच्यावर. बाहेरची नट रोजच्या हलण्याने सैल होते. मग कोणीतरी उत्साही माणूस बोटांनी किंवा पकडीने ती नट कसतो, बाहेरून घट्ट झाल्यासारखी वाटते, पण आत अख्खा जॅक तिच्यासोबत फिरत असतो, त्याला जोडलेल्या वायरी पिळ पडून पडून सोल्डरपाशी तुटतात. आणि मग भर कार्यक्रमात मागून आवाज येतो, "भाऊ, लाइन नाही येऊन राहिली." साउंडवाल्या दादांचं निदान ठरलेलं, आधी वायर बदला, मग चॅनल बदला, मग "जॅक ढिला आहे भाऊ तुमचा". तोपर्यंत गायिका दुसऱ्या अंतऱ्यात पोचलेली असते. नट कसायची असेल तर जॅकच्या भोकात एखादी जाड सळई अडकवून आतला भाग फिरू न देता कसायची, एवढंच ज्ञान आहे, पण ते दुकानात कोणी देत नाही.

बॅटरीची गोष्ट त्याहून मजेदार. गिटारमध्ये ऑन-ऑफचं बटण नसतं, वायर खुपसली की सर्किट चालू होतं, कारण आत स्टीरिओ जॅक असतो आणि त्यात आपली साधी मोनो पिन गेली की तिच्यामुळे बॅटरीचं कनेक्शन पूर्ण होतं. म्हणजे मध्यंतरात वायर तशीच ठेवून चहा प्यायला गेलात तरी बॅटरी खर्च होत राहते. पण प्रीअँप इतका कमी करंट खातो की चांगली अल्कलाइन महिनोन्महिने चालते, आणि तिथेच लोक फसतात. जी वस्तू दर आठवड्याला संपते तिची आठवण राहते, जी सहा-आठ महिन्यांनी संपते ती बरोबर कुणाच्या तरी वरातीत संपते. संपताना आधी आवाज पातळ होतो, मग जोरात वाजवलं की फाटल्यासारखा येतो, आणि स्टेजवरच्या गडबडीत वाटतं स्पीकर फाटला. म्हणून संपायची वाट न पाहता सीझन सुरू होताना नवीन टाकायची, सीताबर्डीच्या बाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. जुनी घरच्या मल्टिमीटरला लावावी. 

पिएझोवाल्या गिटारींवर आणखी एक आळ येतो की त्या स्टेजवर घुमतात. घुमतात, खरंय. गिटारची पोकळी स्वतः १०० हर्ट्झच्या आसपास गुंजते आणि आपल्या जी कॉर्डचा खालचा सूर ९८ हर्ट्झचा, म्हणजे मॉनिटर जवळ असेल तर जी वाजवला की गिटार स्वतःच गायला लागते. साउंडहोलला रबराचं झाकण लावलं की निम्मं काम होतं, उरलेलं प्रीअँपवरच्या फेजच्या बटणाने. पण इथे माझं एक मत आहे जे ऐकून गिटारप्रेमी नाराज होतात. स्टेजसाठी प्लायचा टॉपच बरा. सॉलिड स्प्रूस घरात आणि स्टुडिओत स्वर्ग आहे, पण तो जितका मोकळा कंपतो तितकाच फीडबॅक देतो आणि हवामानाला जास्त हलतो. प्लायला तीन थर, तंतू आडवे-उभे, त्यामुळे तो कमी फुगतो, कमी फाटतो, कमी घुमतो. आणि हे काही माझं गरिबीचं तत्त्वज्ञान नाही, गिब्सनने १९५४ मध्ये जे-१६०ई काढली ती प्लायच्या टॉपची, स्टेजवर घुमू नये याच विचाराने, आणि १९६२ मध्ये बीटल्सच्या लेनन आणि हॅरिसन दोघांनी तीच घेतली. प्रेक्षकाला तिसऱ्या रांगेपासून पुढे, ढोलक आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात, स्प्रूस आणि प्लायमधला फरक कळतो असं मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

किमतीचा भ्रम पण जाता जाता मोडतो. मध्यंतरी माझ्याकडे एक बऱ्यापैकी महागाची होती, कंपनीचं नाव घेत नाही. आवाज काय सुंदर. कुशीत मोठं चौकोनी भोक पाडून त्यात ट्यूनर, खर्ज-तार कमी-जास्त करायचा चार बँडचा ईक्यू, निळी लाइट सगळं बसवलेलं. काही वर्षांनी स्लायडर खरखरायला लागले, मग एक दिवस डिस्प्ले गेला आणि त्याच्यासोबत आवाज. सर्व्हिसवाल्यांनी मेल-मेल खेळून शेवटी कळवलं की तो प्रीअँप आता बनत नाही, नवीन मॉडेलचा वेगळ्या मापाचा आहे, बसणार नाही. लाकूड ठणठणीत, आणि कुशीत भोक. काकांनी त्यावर शिसमाची पातळ पट्टी बसवून दिली, आता ती घरी बिनवायरीची वाजते. तेव्हापासून कुशीतलं चौकोनी भोक दिसलं की मी दोन पावलं मागे येतो. ताकामिनेवाल्यांनी हे बरं ओळखलं, त्यांचे प्रीअँप असे आहेत की जुन्या गिटारीत नवा सरकवून बसवता येतो. नाहीतर मग साउंडहोलच्या काठाला लपवलेले छोटे प्रीअँप घ्यावेत, गेले तर बाहेर काढायचे, दुसरे बसवायचे, लाकडाला भोक नाही.

टिकाऊपणाचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे अमेरिकेतला कंट्री गायक विली नेल्सनची ट्रिगर नावाची गिटार. १९६९ मध्ये घेतलेली मार्टिनची नायलॉन तारांची गिटार, न पाहता घेतलेली, आणि तिच्यात बसवलेला पिकअप तिचा नाहीच, आधीची बाल्डविन कंपनीची गिटार एका दारुड्याने पाय देऊन मोडली, तिच्यातला काढून हिच्यात बसवला. क्लासिकल गिटारला पिकगार्ड नसतं, हा माणूस पिकने वाजवतो, तर वाजवून वाजवून टॉपला आरपार भोक पडलंय. तरी ती पन्नास वर्षांहून जास्त रस्त्यावर आहे. लोक हे सांगून म्हणतात बघा मार्टिन काय चीज आहे. असेलही. पण ऑस्टिनमधला एक कारागीर ती नियमित तपासतो, आतून आधार लावतो, लॅकरचं पॉलिश नवं करतो, हे कोणी सांगत नाही. त्या कारागिराशिवाय ती कधीच खुंटीला लागली असती. आणि दुसरीकडे पाहा, १९९३ मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने वाजवलेली मार्टिन डी-१८ई, कंपनीनेच पिकअप बसवलेली, पण त्याने त्यावर भरवसा न ठेवता साउंडहोलमध्ये वेगळा पिकअप लावला आणि अँपला जोडली. ती गिटार २०२० मध्ये साठ लाख डॉलरला विकली गेली. एवढ्या महागाच्या गिटारचा पिकअपसुद्धा बाहेरून लावलेलाच होता, हे मी पोरांना आवर्जून सांगतो.

आता कार्बन फायबरच्या गिटारी आल्यात. त्यांना कूलरचं काही देणंघेणं नाही, गाडीत ठेवा, पावसात वाजवा. माझ्या भाच्याने घेतली, टच स्क्रीनवाली, आत रिव्हर्ब-कोरस सगळं, फोनच्या चार्जरने चार्ज होते. वाजवून पाहिली, नेक सुंदर, सूर हलत नाही म्हणजे नाही, मला थोडा हेवाच वाटला. मग मी विचारलं, आतली चार्जिंगची बॅटरी गेली तर? म्हणे, "मामा, तोवर नवीन मॉडेल येईल ना." त्याचं पण चूक नाही म्हणा, त्याच्याकडे फोन पण तसाच येतो-जातो.

माझी सध्याची स्टेजवरची गिटार प्लायची आहे, मध्यम किमतीची, सॅडलखाली साधा पिएझो. बॅगेत एक्स्ट्रा बॅटरी, दोन वायरी, साउंडहोलला क्लिप होणारा मॅग्नेटिक पिकअप, झाकण, गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डीआय बॉक्स आणि काळी टेप असते. डीआय तर विसरूच नये, जनरेटरवरची अर्थिंग अशी असते की तार सोडली की हमिंग आणि माइकला ओठ लागले की झटका, निदान डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलची अर्थिंग तोडायचं, बटण दाबून हमिंग तरी जातं. झटक्यासाठी इलेक्ट्रिशियनलाच हाक मारायची, आपण शहाणपणा करायचा नाही.

पाऊस लागला तसं मी पावसाळ्याचं सॅडल टाकलं, तर बी तार बाकीच्यांपेक्षा दबून ऐकू येतेय. म्हणजे बूड सपाट राहिलेलं नाही, पिएझोवर सगळीकडे सारखा दाब येत नाहीये. बिन अँपची वाजवली तर ठीक, प्लग केली की फरक. घरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासता येतं, पण एक घास जास्त झाला की तार फ्रेटला लागते, म्हणून काकांना फोन केला. तर म्हणे, "आता कुठे बे, भजनी मंडळांच्या पेट्या येऊन पडल्या आहेत, मारबत झाल्यावर ये." मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक, झाली की तीन-चार दिवसांत गणपती, आणि माझा पहिला कार्यक्रम पहिल्याच संध्याकाळी. म्हटलं काका, सॅडलच आहे, दहा मिनिटांचं काम. त्यावर ते म्हणाले मग दुकान उघडायच्या आधी ये, आणि येताना तर्री-पोहे घेऊन ये, दोन प्लेट, शेजारचा पोरगा पण बसलेला असतो.